बहरीनमध्ये बेघर कोणी आहे का?



भारतातून आई-बाबा किंवा सासू-सासरे इकडे महिना-दोन महिने राहायला आले की पहिल्या आठवड्यातच एक वाक्य हमखास ऐकायला मिळते. "तुमच्याकडे रस्त्यावर झोपलेलं कोणी दिसत नाही हो!" कॉर्निशवर फिरताना नाहीतर बाब अल बहरीनच्या बाजारातून बाहेर पडताना हे वाक्य येते. मग आपणही "हो ना, इथे तसं काही नाही" असे म्हणून मोकळे होतो, आणि म्हणताना थोडी मान ताठ होते, जणू ही व्यवस्था आपणच लावली आहे.

आम्ही हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आणि इतक्यांदा तेच उत्तर दिले की शेवटी एकदा नीट बसून विचार करावा असे वाटले. बहरीनमध्ये खरेच कोणी बेघर नाही का? आणि नसेल तर का नाही? आम्ही आयटीवाले. दिसत नाही म्हणजे एरर नाही, असे मानायची आम्हाला सवय नाही. लॉग उघडून बघावा लागतो.

पाहुण्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. इथल्या नागरिकांसाठी घर ही सरकारची जबाबदारी मानली जाते. कमी उत्पन्न असलेल्या नागरिकांना घर मिळावे यासाठी राज्य प्रयत्न करील, असे बहरीनच्या घटनेतच लिहिले आहे. ईसा टाऊन साठच्या दशकात वसले, हमद टाऊन ऐंशीच्या दशकात, आणि अलीकडे सलमान सिटी समुद्रात भराव घालून उभी राहिली, ती याच धोरणातून. अर्ज केल्यावर घर हातात पडायला वर्षानुवर्षे लागतात आणि इथल्या संसदेत त्यावरून नेहमी गरमागरमी होते. तोपर्यंत मुलगा, सून, नातवंडे सगळे वडिलांच्या घरात. पण रस्त्यावर कोणी येत नाही. कुटुंब मोठे, शिवाय मशिदी आणि धर्मादाय संस्थांचा आधार. वर २००७ साली भीक मागणे आणि निराधार भटकणे यांच्याविरुद्ध कायदा झाला, त्यामुळे सिग्नलला हात पसरणारेही क्वचितच दिसतात.

राहिला उरलेला देश. बहरीनच्या लोकसंख्येत निम्म्याहून जास्त माणसे परदेशी आहेत आणि त्यात सर्वात मोठा गट आपला, भारतीयांचा, तीन लाखांच्या वर. प्रश्न या निम्म्यांचा आहे.

आधी बेघर कोणाला म्हणायचे ते ठरवू. भारताच्या जनगणनेत ज्याला चार भिंती-छपराचे 'जनगणना घर' नाही, जो फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनवर, देवळाच्या ओवरीत झोपतो, तो बेघर. २०११ साली अशा माणसांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली. रात्रीच का, तर दिवसा ते बेघर दिसतच नाहीत, ते कामावर असतात! देशभरात १७ लाख ७० हजारांहून अधिक, महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक आणि एकट्या मुंबईत ५७ हजारांच्या वर माणसे त्या रात्री सापडली. सामाजिक संस्था म्हणतात की खरा आकडा याहून बराच मोठा आहे, आणि ते पटण्यासारखे आहे. रात्री दोन वाजता पुलाखाली झोपलेल्या माणसाला उठवून फॉर्म भरून घ्यायचा म्हणजे काय, याची कल्पना करा.

ही व्याख्या बहरीनला लावली तर उत्तर जवळजवळ शून्य येईल. पण ती इथे चालत नाही, कारण इथला बेघर माणूस फुटपाथवर झोपूच शकत नाही. एक तर जुलै-ऑगस्टमध्ये ते शरीराला झेपत नाही, आणि दुसरे म्हणजे सकाळी कोणी ओळखपत्र मागितले तर थेट डिपोर्टेशन. मग तो कुठे झोपतो? गावाकडच्या ओळखीच्या माणसाच्या बेड-स्पेसमध्ये, दोन खाटांच्या मधल्या जागेत. बिल्डिंगच्या गच्चीवर. ज्या कार-वॉशला चोरून काम करतो तिथल्या स्टोअररूममध्ये. बंद पडलेल्या कंपनीच्या लेबर कॅम्पमध्ये, जिथली वीज कापली गेली आहे. कधी कधी पार्कमध्येसुद्धा, फक्त हिवाळ्यात. आज इथे, उद्या तिथे. याला कुठल्याच जनगणनेत रकाना नाही.

आता हा माणूस इथवर येतो कसा, ते बघू. आमच्या भाषेत ज्याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात ना, म्हणजे एक वायर निघाली की अख्खी सिस्टीम बंद, तसे आखातातल्या कामगाराचे आयुष्य बांधलेले आहे. मालकाने वर्क परमिट काढले म्हणून व्हिसा. व्हिसा आहे म्हणून सीपीआर कार्ड. सीपीआर आहे म्हणून बँक, मोबाईल, सरकारी दवाखाना. आणि झोपायची खाट कंपनीच्या कॅम्पमध्ये, म्हणजे तीही मालकाची. मुंबईत एखाद्याची नोकरी गेली तर घरभाडे थकते, दुकानदार उधारी बंद करतो, हळूहळू एकेक आधार सुटतो. इथे सगळे एका दिवसात सुटते. भांडण झाले, पगार तीन महिने आला नाही म्हणून माणूस दुसरीकडे कामाला गेला, की मालक 'कामावरून पळाला' अशी नोंद करतो. त्या क्षणापासून तो बेकायदेशीर. पासपोर्ट बहुधा मालकाच्या कपाटात असतो (तो असा ठेवणे नियमाला धरून नाही, पण चालते). व्हिसा संपल्यावर दंड साचत जातो. दंड भरल्याशिवाय जाता येत नाही, आणि दंड भरायला काम करावे तर ते गुन्हा.

यात 'फ्री व्हिसा' नावाची एक खास चीज आहे. नाव फ्री, पण त्यासाठी गावाकडची जमीन नाहीतर बायकोचे दागिने गहाण पडलेले असतात. कागदावर एखादी कंपनी मालक असते, पण तिथे काम नसतेच. पैसे मोजायचे, व्हिसा घ्यायचा आणि बाहेर मिळेल ते काम करायचे. हे व्हिसे विकणाऱ्या साखळीत पहिला दुवा बहुतेक वेळा आपल्याच गावचा, आपल्याच भाषेचा कोणीतरी असतो, हे कटू आहे पण खरे आहे. अरबांच्या नावाने बोटे मोडणे सोपे असते. गावातल्या एजंटाचे नाव मात्र कोणी घेत नाही, कारण पुढच्या वर्षी धाकट्या भावाला त्याच्याकडूनच व्हिसा घ्यायचा असतो!

दोन घटना सांगतो. दोन्ही वर्तमानपत्रांत येऊन गेलेल्या आहेत.

पहिली २०१२ ची. शंभराच्या वर भारतीय बांधकाम कामगार एका मोठ्या कंपनीचे काम सोडून गेले होते. कंपनीने त्यांच्यावर कोर्टात दावे लावले आणि त्यांना देश सोडायला बंदी झाली, म्हणजे ट्रॅव्हल बॅन. आपल्यापैकी ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, की थकलेले कर्ज, थकलेले भाडे, मालकाचा दावा, कशावरूनही हा बॅन लागू शकतो, आणि लागल्यावर माणसाला काम करायची मुभा असेलच असे नाही. राहा, पण कमवू नका. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्यातल्या एका तमिळ तरुणाने झाडाला गळफास घेतला. घरी पैसे पाठवता येत नव्हते आणि घरी जाताही येत नव्हते. मग गदारोळ झाला, मानवी हक्कवाले आणि दूतावास मध्ये पडले आणि शेवटी कंपनीने दावे मागे घेतले. दावे मागे घेणे इतके सोपे होते तर ते आधी का घेतले नाहीत, हा प्रश्न तेव्हाही पडला होता.

दुसरी २०२५ ची. केरळमधले एक वृद्ध गृहस्थ एप्रिल महिन्यात बहरीनहून आपल्या आईकडे परत गेले. ते इथे आले होते १९८३ साली! आल्यावर थोड्याच काळात मालक वारला, पासपोर्ट हरवला, आणि तेव्हापासून या माणसाचे अस्तित्व कागदावरून पुसले गेले. बेचाळीस वर्षे. आपल्यापैकी अनेकांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा आलेला माणूस, आपण इथे येऊन नोकऱ्या बदलल्या, गाड्या बदलल्या, मुले शाळेत घातली, तोवर याच मनामात मिळेल ते काम करत राहत होता, सिग्नलला कदाचित आपल्या शेजारून गेलाही असेल. शेवटी एका कायदेविषयक मदत संस्थेच्या स्वयंसेवकांनी कागदपत्रे उभी केली, इमिग्रेशनशी बोलणी केली आणि त्यांना विमानात बसवले. नव्वदी ओलांडलेली आई वाट बघत होती. पेपरात ही बातमी 'भावुक पुनर्भेट' म्हणून आली, ठीकच आहे, पण आम्हाला त्यातला बेचाळीस हा आकडा सोडवत नाही. इतका काळ एवढ्याशा बेटावर एखादा माणूस कुठल्याच यादीत नसू शकतो, तर असे आणखी किती असतील?

इथल्या सरकारने काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. उलट आखातात बहरीन याबाबतीत पुढेच राहिले आहे. २००६ मध्ये एलएमआरए स्थापन झाली. १ ऑगस्ट २००९ पासून मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलता येईल असा नियम आला, घरकामगार वगळून. त्या वेळच्या कामगारमंत्र्यांनी कफाला पद्धतीची तुलना चक्क गुलामगिरीशी केली होती, त्याची तेव्हा जगभर बातमी झाली. पण २०११ मध्ये त्याला एक वर्षाची अट लावली गेली, म्हणजे पहिले वर्ष मालक कसाही असो, तिथेच राहायचे. आणि माणूस सर्वात अडचणीत असतो तो पहिल्याच वर्षी, कारण कर्ज तेव्हाच ताजे असते.

मग जुलै २०१७ मध्ये 'फ्लेक्सी परमिट' आले. कल्पना चांगली होती. कागद नसलेल्या कामगाराने स्वतःच स्वतःचा मालक व्हायचे, सुरुवातीला साडेचारशेच्या आसपास दिनार आणि पुढे महिन्याला ३० दिनार भरायचे, आणि उघडपणे काम करायचे. हजारो लोकांना त्यातून सीपीआर मिळाले. टीका अशी की जो मालकाने फसवल्यामुळे बेकायदेशीर झाला, त्याच्याकडूनच पैसे घेऊन त्याला कायदेशीर करायचे, हा न्याय कुठला? टीका रास्त होती. तरी आमच्या मते फ्लेक्सीने एक मोठी गोष्ट केली, ती म्हणजे माणूस आणि मालक यांच्यामधली ती एकुलती एक वायर तोडून दाखवली. २०२२ च्या अखेरीस फ्लेक्सी बंद झाले आणि त्याजागी कामगार नोंदणीची वेगळी योजना आली. मधूनमधून माफीच्या मुदतीही येतात. २०१५ मध्ये सहा महिन्यांची होती, २०२० मध्ये कोरोनाच्या काळात एप्रिलपासून डिसेंबरअखेरपर्यंत होती. दंड माफ, घरी जा किंवा कागद नीट करून राहा. ज्यांना माफीची बातमीच कळत नाही, किंवा कळूनही विश्वास बसत नाही, ते मात्र मागेच राहतात.

छप्पर आहे म्हणजे घर आहे असेही नाही, हे सांगायला दोन आगी पुरेत. ३० जुलै २००६ ला गुदैबियात कामगारांच्या एका इमारतीला आग लागली आणि आपले सोळा भारतीय गेले. जानेवारी २०१३ मध्ये मनामाच्या जुन्या भागात, मुखारकात, तेरा बांगलादेशी कामगार असेच गेले. गुदैबियात आपण दर आठवड्याला भाजी आणायला जातो. कोथिंबीर, कढीपत्ता, गणपतीत दूर्वासुद्धा तिथेच मिळतात. दुकानांच्या वरच्या मजल्यांकडे कोणी बघत नाही. एका खिडकीत तीन एसी आणि बारा जणांचे कपडे वाळत असले की समजायचे, की वर काय आहे.

आता थोडे मुंबईकडे वळू, कारण बेघर माणसाविषयी आपली मते तिथेच तयार झालेली आहेत आणि सामानाबरोबर ती इथे आली आहेत.

१९८१ च्या जुलैमध्ये, भर पावसाळ्यात, तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी मुंबईचे फुटपाथ साफ करून तिथल्या लोकांना आपापल्या गावी परत पाठवायचे फर्मान काढले. पोलीस आणि महापालिकेची माणसे झोपड्या मोडू लागली, लोकांना बसमध्ये कोंबून बाहेर पाठवू लागली. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि १० जुलै १९८५ ला निकाल लागला, तोच प्रसिद्ध ओल्गा टेलिस खटला. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आपल्या पुण्याचे, आणि निवृत्तीच्या अगदी उंबरठ्यावर. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे या निकालात स्पष्ट झाले आणि पुढे असंख्य खटल्यांत ते वापरले गेले. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. फुटपाथवरच्या लोकांना हटवता येणार नाही असे कोर्टाने म्हटलेच नव्हते. नोटीस द्या, पावसाळा जाऊ द्या, मग हटवा, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. तत्त्व मिळाले, जागा गेली.

त्या निकालपत्रातली एक हकीकत वाचून आम्ही चमकलो. अर्जदारांपैकी एक होता सेलमकडचा भूमिहीन मजूर. दुष्काळामुळे गाव सोडून १९६१ मध्ये मुंबईला आला. दहिसरच्या एका केमिकल कंपनीत रोज २३ रुपयांवर काम मिळाले. राहायला जागा म्हणून एका झोपडपट्टी-दादाने त्याच्याकडून अडीच हजार रुपये उकळले आणि त्या बदल्यात वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा दिला! बायको आणि तीन मुलींसह तो तिथे राहत होता. २३ जुलै १९८१ ला तो आडोसा मोडला गेला आणि सगळ्यांना सेलमच्या बसमध्ये बसवले गेले. बायको-मुली गावी राहिल्या, तो काम शोधायला पुन्हा मुंबईत आला.

अडीच हजाराचे प्लास्टिक आणि दीड-दोन लाखांचा फ्री व्हिसा, फरक काय? दोन्हीकडे विकणाऱ्याने अशी गोष्ट विकली जी त्याच्या मालकीची नव्हती, आणि दोन्हीकडे शिक्षा घेणाऱ्याला झाली.

फरक एकच, आणि तो महत्त्वाचा आहे. मुंबईत माणसाला काम असते पण घर नसते. २८ सप्टेंबर २००२ च्या रात्री वांद्र्याला एका लाँड्रीसमोर गाडी फुटपाथवर चढली आणि झोपलेल्यांपैकी एक जण मेला, चौघे जखमी झाले. ते भिकारी नव्हते, जवळच्या बेकरीत काम करणारी माणसे होती. पहाटे भट्टी पेटवायची तर विरारहून कसे येणार? त्या खटल्यात एका मोठ्या नटाला मे २०१५ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली आणि डिसेंबर २०१५ मध्ये हायकोर्टाने निर्दोष सोडले. त्यावर कोर्टाबाहेर आपण काय बोलणार? पण शिक्षा झाली त्या दिवशी एका नावाजलेल्या गायकाने ट्विटरवर लिहिले होते, की रस्त्यावर झोपणाऱ्याला कुत्र्याचेच मरण येणार. लोकांनी शिव्या घातल्या, त्याने नंतर सारवासारव केली. आम्हाला त्या गायकाचे फार नवल वाटले नाही. तो जे उघड बोलला ते आपल्या दिवाणखान्यात दबक्या आवाजात बोलले जातेच. "कोणी सांगितलं होतं तिथे झोपायला?" इथे त्याचे रूप होते, "कोणी सांगितलं होतं फ्री व्हिसावर यायला?"

मुंबईत काम आहे पण घर नाही. बहरीनमध्ये काम गेले की घर जाते. आणि हे दुसरे सूत्र फक्त लेबर कॅम्पला लागू नाही बरं का. आपल्यालाही लागू आहे. जुफेअरमधला फ्लॅट, मुलांची इंडियन स्कूल, कारचे लोन, सगळे एका वर्क परमिटला टांगलेले आहे. आपल्याकडे थोडी शिल्लक आहे, पुण्या-ठाण्यात एक टू बीएचके आहे आणि तिकिटाचे पैसे आहेत, म्हणून आपल्याला 'घरी परत गेले' म्हणतात. त्यांच्याकडे हे नाही, म्हणून 'बेकायदेशीर'.

घरी परत जाणे म्हणजे काय असते ते २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिले. ८ मे च्या पहाटे औरंगाबादजवळ (आताचे छत्रपती संभाजीनगर) करमाडला रेल्वे रुळांवर थकून झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. जालन्याच्या स्टील कारखान्यातून मध्य प्रदेशातल्या गावांकडे चालत निघालेली माणसे. आदल्या दिवसापर्यंत महाराष्ट्राच्या उद्योगाचा भाग, काम थांबल्यावर कोणाचीच नव्हेत. इकडे आपण त्याच दिवसांत वंदे भारत विमानांच्या यादीत नाव लागावे म्हणून दूतावासाचे फॉर्म भरत होतो.

सरकारे बेघरांना कसे बघतात हे कायद्यांच्या नावांवरूनच कळते. आपल्याकडे १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्यात उपजीविकेचे दिसेल असे साधन नसताना सार्वजनिक जागी भटकणे हेही भीक मागण्यातच धरले आहे! म्हणजे माणूस गरीब दिसला तरी पकडता येतो. हाच कायदा दिल्लीला लागू होता, तिथल्या हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये त्यातली मुख्य कलमे रद्द केली. महाराष्ट्रात अजून तो पुस्तकात आहे. दुसरीकडे सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे एक रात्रनिवारा असावा असे सांगितले. मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटी धरली तरी सव्वाशे निवारे हवेत. मुंबई त्याच्या जवळपासही पोचलेली नाही. सर्वात श्रीमंत महापालिका म्हणून आपण जिचे कौतुक करतो तीच ही. अमेरिकेतल्या मित्रांनी फार खूष व्हायचे कारण नाही. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये ओरेगॉनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात सांगितले, की रात्रनिवाऱ्यात जागा नसली तरी उघड्यावर झोपणाऱ्याला दंड करता येतो.

बेघर म्हणजे वेडा किंवा दारुडा, ही आणखी एक समजूत. काही जण मानसिक आजारी असतात हे खरेच आहे. पण आजारामुळे घर सुटले की घर सुटल्यामुळे आजार झाला, हे बघायला कोणी थांबत नाही. डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता थांबले. मुंबईत एका तरुणाला नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना त्यांनी पाहिले आणि आपल्या दवाखान्यात नेले. उपचारानंतर तो शिकलेला, चांगल्या घरातला मुलगा निघाला, आणि घरचे लोक येऊन त्याला घेऊन गेले. त्यातून १९८८ मध्ये श्रद्धा फाउंडेशन सुरू झाले, पुढे कर्जतला केंद्र झाले. हजारो माणसे त्यांनी घरी पोचवली आहेत, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नगरजवळ डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचे माउली सेवा प्रतिष्ठान रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण बायकांना सांभाळते. सुट्टीत शिर्डी-शिंगणापूर करताना नगरवरून जाणे होतेच, वेळ काढून बघून या.

आणि गाडगेबाबा! पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक, जिथे जिथे गरीब माणूस रात्री उघड्यावर पडत होता तिथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, आणि स्वतः मात्र त्यातल्या एकीतही घर केले नाही. दादरच्या धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलला आलेले कॅन्सरचे पेशंट राहतात. ती नसती तर ते परळच्या फुटपाथवर असते. काही जण आजही असतात.

आम्हाला मात्र परदेशस्थ मंडळींच्या दृष्टीने आणखी एक जुनी पद्धत महत्त्वाची वाटते. गिरणगावात कोकणातल्या कित्येक गावांची स्वतःची खोली असायची. गावाहून नवा पोरगा आला की थेट तिथे. ट्रंक ठेवायची, पाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे, काम लागले की वर्गणी द्यायची. गोव्याच्या लोकांचे तर याहून पद्धतशीर. धोबीतलावला त्यांचे 'कूड', म्हणजे गावागावाचे क्लब. बोटीवर काम करणारा गोंयकार दोन सफरींच्या मध्ये, किंवा काम सुटलेले असताना, अगदी थोड्या पैशांत तिथे राहायचा. भिंतीशी ट्रंका, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून प्रार्थना. काही कूड अजून चालू आहेत. नोकरी नाही म्हणून छप्पर नाही, असे त्या खलाशाचे होत नसे, कारण छप्पर गावाचे होते, कंपनीचे नाही. आमची ती सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअरची भानगड त्यांनी शंभर वर्षांपूर्वी सोडवून ठेवली होती, तीही इंजिनिअरिंगची डिग्री न घेता.

बहरीनमध्ये असे करता येईल का, यावर आम्ही चार-पाच घरांनी बरीच चर्चा केली. अडचणी खऱ्या आहेत. व्हिसा संपलेल्या माणसाला काम देणे गुन्हा आहे, आसरा देणेही अंगाशी येऊ शकते, आणि मंडळाचे नाव अशा भानगडीत आले तर गणेशोत्सवाच्या परवानगीपासून सगळेच अडेल. हे भित्रेपणाचे बोलणे नाही, नोंदणीकृत संस्थेला या देशाच्या कायद्यातच राहावे लागते. "पैसे दिले तर दारूत घालवतील" हा आक्षेपही आला. त्यावर एका वहिनींनी विचारले, की आपल्या वीकेंड पार्ट्यांचे पैसे कशात जातात? तो मुद्दा तिथेच संपला.

शेवटी वेळ बघून मदत करायची असे ठरले. माणूस बेकायदेशीर होण्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे मोलाचे असतात. पगार थांबलेला आहे, कॅम्प सोडायला सांगितले आहे, पण व्हिसा अजून जिवंत आहे. या काळात एका महिन्याच्या बेड-स्पेसचे भाडे आणि एलएमआरएमध्ये अर्ज भरून देणारा कोणी भेटला, तर तो दुसऱ्या नोकरीवर जाऊ शकतो. अर्ज सगळे ऑनलाइन असतात, इंग्रजी-अरबीत. दिवसभर स्क्रीनसमोर बसणाऱ्या आपल्यासारख्यांना ते वीस मिनिटांचे काम आहे, त्याच्यासाठी ती भिंत आहे. ज्यांचा व्हिसा संपला आहे त्यांच्यासाठी १९९९ पासून काम करणारा इंडियन कम्युनिटी रिलीफ फंड आहे, दूतावासाचे ओपन हाऊस आहे, तिकिटासाठी दूतावासाकडे कल्याण निधी आहे, आणि घरकामाच्या बायकांसाठी मायग्रंट वर्कर्स प्रोटेक्शन सोसायटीचे आश्रयस्थान आहे. बहुतेकांना हे माहीतच नसते. मराठी माणूस तर त्यात आणखी मागे, मल्याळी आणि तमिळ मंडळींसारखे त्याचे जाळे नाही, आणि आपण बेड-स्पेसमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मंडळाचे सभासदत्व घ्यायला कधी सांगितले आहे, तेही आठवून बघावे लागेल. कुटुंब-सभासदत्वाच्या फॉर्ममध्ये पत्नीचे नाव, मुलांची नावे, फ्लॅट नंबर हे सगळे भरायचे असते. बॅचलरने काय भरायचे?

तेव्हा मंडळी, दोन सूचना कार्यकारिणीपुढे ठेवल्या आहेत. एक, एकट्या कामगारासाठी नाममात्र वर्गणीचे वेगळे सभासदत्व, ज्याचा फॉर्म एका पानाचा आणि मराठीत असेल. दुसरी, वीस घरांनी महिन्याला पाच-पाच दिनार वेगळे काढायचे, म्हणजे शंभर दिनार होतात. सध्याच्या दराने एका वेळी दोघा-तिघांचे एक महिन्याचे भाडे त्यातून निघते. आतापर्यंत नऊ घरे तयार आहेत. ज्यांना यायचे असेल त्यांनी पुढच्या सभेत सांगावे. आणि कोणी ओळखीचा कामगार अडचणीत दिसला तर पहिल्यांदा त्याच्या पासपोर्टचे पहिले पान, व्हिसाचे पान आणि सीपीआर यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवायला सांगा. मूळ कागद मालकाकडे असले तरी हे फोटो पुढे फार कामाला येतात, आणि नसले तर काय होते ते वर आलेच आहे.